वाशासकट गेलेला पडदा

१

सोमवारी सकाळी ताईंनी टॉकीजचं कुलूप उघडलं, हॉलमधले दिवे लावले आणि समोर बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पडदा नव्हता.

रंगमंचाच्या कमानीत मागची उघडी विटांची भिंत दिसत होती. दात पडलेल्या तोंडासारखी ती कमान वाटत होती. ताईंच्या आजोबांनी हे टॉकीज बांधलं तेव्हापासून कमानीएवढा रुंद आणि दुमजली घराएवढा उंच रंगवलेला पडदा तिथे होता. खेळ सुरू होण्याआधी तो वर जायचा, खेळ संपला की खाली यायचा. टॉकीज बंद पडलं, खुर्च्या निघाल्या, पांढरा चित्रपटाचा पडदा भंगारात गेला, तरी हा राहिला होता. शनिवारी संध्याकाळी ताईंनी निघताना तो बघितला होता. रविवार सुट्टीचा. आणि आज हे.

आठवडाभरात इथे शहराचं वाचनालय सुरू व्हायचं होतं. फॉयरमध्ये, प्रवेशाच्या दालनात, पुस्तकांची खोकी येऊन पडली होती.

नेमकी तीच सकाळ अग्निशमन खात्याच्या शेवटच्या तपासणीची होती. अधिकारी बाई वेळेवर हजर झाल्या. शहरात त्यांना सगळे 'दारवाल्या बाई' म्हणत. कुठल्याही इमारतीत शिरल्या की त्या आधी दारं बघत, मग माणसं. "माणसं आत कशी येतात ते मालकाला कळतं, बाहेर कशी पडतील ते मला कळायला हवं," असं त्यांचं म्हणणं होतं. नाटकगृहं, गोदामं, दवाखाने, लग्नाचे हॉल, सगळं त्यांच्या पायाखालून गेलं होतं. सहसा त्या कशाला भुलत नसत.

पण त्या सकाळी हॉलच्या दारात त्यांची पावलं थबकली.

वाचणाऱ्यांसाठी छताजवळ नव्या खिडक्या पाडल्या होत्या. केवळ अंधारासाठी बांधलेल्या त्या जागेत पहिल्यांदाच ऊन उतरलं होतं. बाल्कनी जहाजाच्या पोटासारखी वळत गेली होती. छतावरच्या चुन्याच्या वेली, पानं, पाखरं, जी कुणी कधी नीट बघितलीच नव्हती, ती आता उन्हात लख्ख दिसत होती. खाली नव्या लाकडी जमिनीला मेणाचा वास येत होता. बाईंना उगाचच चपला काढाव्याशा वाटल्या.

"बाई, आज तपासणी नको," ताई म्हणाल्या. साठीच्या, ताठ, पदर खोचलेल्या. आवाज मात्र खाली बसला होता. "चोरी झाली आहे."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पोलिसांना कळवलंत?"

ताईंनी मान हलवली. मग बाईंचं मनगट धरून त्यांना बाजूला नेलं.

"पोलीस आले की घरातलं चव्हाट्यावर येईल. किल्ल्या चारच माणसांकडे आहेत. मी, ठेकेदार, पडदा साफ करणारी मुलगी आणि माझा भाऊ. तुम्हाला दारं कळतात. तो पडदा कुठल्या दारातून गेला एवढं मला सांगा. बाकीचं मी बघीन."

"तुमचा संशय कुणावर आहे?"

ताईंनी पदर पुन्हा खोचला.

"पाठच्या भावाचं नाव बहिणीने घ्यायचं असतं का?" त्या म्हणाल्या.

२

बाई आधी रंगमंचावर गेल्या. तो आता जमिनीपासून जेमतेम एका पायरीएवढाच उंच होता.

वर बघितलं. कमानीच्या वरची पोकळी रिकामी होती. पडदा ज्यांवर तोलला जायचा ते जाड दोर भिंतीपाशी होते. बाईंनी खाली वाकून त्यांची टोकं तपासली. दोर कापलेले नव्हते. गाठी सोडवून, नीट वेटोळी करून, एकावर एक ठेवलेले होते. घरातली कर्ती बाई वाळलेली दोरी गुंडाळून ठेवते तसे.

"पडदा कशावर बांधलेला होता?" त्यांनी विचारलं.

"वाशावर," मागून ठेकेदार म्हणाला. "कमानीएवढा लांब, अखंड सागवानी वासा. तोही नाही."

ठेकेदार गोल, हसरा, सतत कपाळ पुसणारा माणूस होता. पडदा गेल्याचं त्याला दुःख दिसत नव्हतं. जमीन वेळेत झाल्याचा आनंद मात्र लपत नव्हता.

"बघा बाई, काय गुळगुळीत झाली आहे! माझी माणसं म्हणजे सोनं. रंगमंचाजवळच्या शेवटच्या फळ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं सोमवारी मारू. तर पठ्ठ्यांनी न सांगता रविवारी येऊन मारून टाकल्या. आज दुसऱ्या कामावर गेलेसुद्धा."

बाईंनी मान डोलावली आणि रंगमंचाच्या बाजूच्या जुन्या दाराकडे गेल्या. हे दार विटांनी बंद करून टाकलेलं होतं, फक्त लाकडी फळी शोभेला ठेवली होती. बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. दाराची पितळी मूठ त्यांच्या घोट्याशी होती.

"ही मूठ इतकी खाली कशी?"

ठेकेदार हसला. "मूठ तिथेच आहे, बाई. जमीन वर आली. टॉकीजची जमीन उतरती असते ना, मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून. वाचनालयाला उतार चालत नाही, कपाटं कलंडतील. म्हणून मागच्या पातळीला धरून वर सपाट जमीन ओढली."

"म्हणजे मागे फळ्या जुन्या जमिनीला टेकल्या आहेत, आणि इथे रंगमंचापाशी खाली पोकळी आहे."

"असेल थोडी."

"काय आहे तिच्यात?"

"काय असणार? हवा!" ठेकेदाराने पुन्हा कपाळ पुसलं. "चला, तुम्हाला खुर्च्या दाखवतो. सगळ्या सुखरूप काढल्या."

मागच्या अंगणात पत्र्याखाली लाल खुर्च्यांच्या रांगा रचून ठेवल्या होत्या. प्रत्येक रांगेच्या कडेच्या खुर्चीला पितळेचं अक्षर होतं. बाई त्यांच्यावरून हात फिरवत चालत गेल्या. त, ण, ढ, ड, आणि असं करत करत छ, च, घ. तिथे रांगा संपल्या.

लहानपणी त्या मैत्रिणींबरोबर नेहमी सर्वांत स्वस्त तिकीट काढून इथे येत. मान मोडेपर्यंत वर बघावं लागे. ती रांग 'क' होती.

"सगळ्या काढल्यात म्हणालात?"

"सगळ्या!" ठेकेदार म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

अंगणात उघडणारा मोठा सामानाचा दरवाजा महिन्यापूर्वीच विटांनी बुजवला होता. त्याच्यावरचा गिलावा वाळून पांढरा पडला होता, त्याला कुठे चीर नव्हती. आता बाहेर जायला फॉयरची दारंच उरली होती. बाईंनी तिथला जिन्याखालचा काटकोनी बोळ बघितला. एवढा लांब वासा त्यात कुणी वळवू म्हटलं तर भिंत पाडावी लागली असती.

बाई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, "चोर कापड नेईल हो. वासा कशाला नेईल?"

ठेकेदाराचा चेहरा उतरला.

३

पडदा साफ करणाऱ्या मुलीला सगळे 'चित्रवाली' म्हणत. तिने आपलं बिऱ्हाड वरच्या प्रोजेक्शन रूममध्ये थाटलं होतं. जिथून उजेडाचा झोत निघायचा त्या चौकोनी भोकाशी तिचं टेबल होतं. त्यावर कापसाचे बोळे, ब्रश, बाटल्या आणि तिच्या न प्यायलेल्या चहाची कपबशी.

"बसा ना, बाई." तिने स्टुलावरच्या चिंध्या उचलल्या. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती, पण डोळे कोरडे होते.

"मी तो पडदा कधी नीट बघितलाच नाही," बाई म्हणाल्या. "लहानपणी यायचो, पण कधी एकदा तो वर जातो आणि सिनेमा सुरू होतो असं व्हायचं. काय होतं त्यावर?"

चित्रवालीचा चेहराच बदलला.

"हाच हॉल, बाई. आरशात दिसावा तसा. हीच बाल्कनी, हेच खांब, आणि हॉल माणसांनी गच्च भरलेला. सगळी आपल्याकडे बघताहेत. म्हणजे तुम्ही खुर्चीत बसून पडद्याकडे बघता, आणि पडद्यातली माणसं तुमच्याकडे बघतात. आणि एकही चेहरा असाच काढलेला नाही. ज्यांनी हे टॉकीज बांधलं ती माणसं आहेत. गवंडी, सुतार, पाणी भरणाऱ्या बायका, त्यांची पोरं. मळ निघत गेला तसा एकेक जण पुढे आला. कुणाच्या भुवईवर चुन्याचा ठिपका, कुणाच्या बोटाला पट्टी. आता मी रस्त्यातून जाते ना, तेव्हा माणसं बघून वाटतं, अरे, याचा पणजोबा तर आपल्याकडे चौथ्या रांगेत बसला आहे."

बाईंनी भोकातून खालच्या रिकाम्या कमानीकडे बघितलं.

"आणि त्याचं काय करायचं ठरलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

चित्रवालीने मान खाली घातली. "तुमच्या खात्याचा कागद आला ना. रंगमंचावर जळणारं कापड नको, काढून टाका. सामानाचा दरवाजा तोवर बुजवलेला. अखंड बाहेर जाईना, घडी घातली तर रंग तडकतो. ताईंनी खूप विचार केला, मग म्हणाल्या, तीन तुकडे करून संग्रहालयाला देऊ, निदान राहील तरी. मला म्हणाल्या, शिवण दिसणार नाही अशा रेघा मार."

"मारल्यास?"

"खडूने. रंगवलेल्या खांबांवरून. एक रेघ छान बसली. दुसऱ्या खांबापुढे मात्र एक बाई बसली आहे, मांडीवर तान्हं मूल घेऊन. रेघ त्या मुलातून जात होती. दुसरीकडून कुठून नेता येईना."

तो कागद बाईंनीच काढला होता, नकाशा बघून. नकाशात नुसतं 'पडदा, कापडी' एवढंच लिहिलं होतं. त्या उठल्या.

त्या दारापाशी पोचल्या तेव्हा चित्रवालीने मागून विचारलं, "बाई, ती नवी जमीन... ती पाण्याने धुणार आहेत का? की नुसती कोरडी पुसणार?"

"का गं?"

"सहज. लाकूड आहे ना, म्हणून."

बाई जिना उतरू लागल्या. जिच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीवर कुणी डल्ला मारला, ती पोरगी चोराची चौकशी करत नव्हती. जमीन कशी पुसणार ते विचारत होती.

आणि बाल्कनीच्या वळणावर, त्यांचीच वाट बघत, ताईंचा भाऊ उभा होता.

"शोधाशोध थांबवा, बाई," तो म्हणाला. "पडदा मी विकला."

४

त्याला लहानथोर सगळे 'धाकटे' म्हणत. पन्नाशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. त्याने चार धंदे करून बघितले होते आणि चारही बुडवले होते. टॉकीज शहराला वाचनालयासाठी द्यायचं ठरलं तेव्हा त्याने ताईंशी कडाक्याचं भांडण केलं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

दोघं बाल्कनीच्या पहिल्या पायरीवर बसली. खाली उन्हाचे पट्टे जमिनीवर सरकत होते.

"कुणाला विकलात?"

"एका हॉटेलवाल्याला. परगावच्या. नाव सांगणार नाही."

"कधी नेला?"

"काल. रविवारी."

"कुठून?"

"पुढच्या दारातून. दुसरं दार आहेच कुठे?"

"फॉयरच्या बोळातून तो वासा वळत नाही हो. मग कापून नेला असेल."

"नाही!" धाकटे एकदम उसळून म्हणाले. "कापला वगैरे नाही. अजिबात नाही. अख्खा आहे तो."

"अख्खा *आहे*?"

धाकट्यांनी ओठ मिटले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. स्वतःच्या डोक्यावर चोरीचा आळ घ्यायला हा माणूस तयार होता. बहिणीच्या नजरेतून उतरायला तयार होता. पण पडद्याला सुरी लागली असं खोटं सांगायलासुद्धा त्याची जीभ वळत नव्हती.

"धाकटे, खाली चला," बाई म्हणाल्या. "ताईंनाही बोलवा. ठेकेदाराला म्हणावं, येताना पहार आण."

"पहार कशाला?" धाकट्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हवा बघायची आहे," बाई म्हणाल्या.

५

सगळे रंगमंचापाशी जमले. ताई एका टोकाला, धाकटे दुसऱ्या. चित्रवाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली होती.

"ताई, तुम्ही मला विचारलंत, पडदा कुठल्या दारातून गेला," बाईंनी सुरुवात केली. "तो कुठल्याच दारातून गेलेला नाही. मागचा दरवाजा महिनाभर बुजलेला आहे. पुढच्या बोळातून वासा वळत नाही. चोराने कापड सोडवून नेलं असतं तर वासा इथेच टाकला असता. वासाही गेला, याचा अर्थ पडदा वाशाला गुंडाळलेला आहे, अखंड. आणि अखंड आहे म्हणजे याच भिंतींच्या आत आहे."

"आत कुठे?" ताई म्हणाल्या. "वर काही नाही. समोर हॉल रिकामा आहे."

"दोर बघितलेत? चोराला घाई असते, तो दोर कापतो. इथे गाठी सोडवून वेटोळी करून ठेवली आहेत. ज्याने पडदा उतरवला त्याला तो पुन्हा चढवायचा होता. आता, एकट्या माणसाचं हे काम नाही. चार-सहा हात हवेत. रविवारी इथे ते होते. ठेकेदार, तुमची माणसं सोन्यासारखी खरी, पण सुट्टीच्या दिवशी न सांगता येऊन फळ्या मारण्याइतकं सोनं मी अजून बघितलेलं नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं. तुम्ही नाही. मग ज्याचा शब्द ते मालकाचा म्हणून ऐकतील असं दुसरं कोण होतं?"

सगळ्यांच्या नजरा धाकट्यांकडे वळल्या. ते खाली बघत होते. आपल्या पायांखालच्या फळ्यांकडे.

"आणि काही ठेवायचं तर पडद्याएवढी लांब जागा एकच उरली होती. शेवटच्या फळ्यांखाली." बाईंनी ठेकेदाराला खूण केली. "उचला."

"बाई, जमीन खराब होईल..."

"उचला म्हणते ना. खाली आणखी काय आहे ते मला माहीत आहे. अंगणातल्या रांगा 'घ'पासून सुरू होतात."

ठेकेदार वाकला. पहारीचं टोक फटीत गेलं. खिळे कुरकुरले. एक फळी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. आतून थंड, जुनाट वास वर आला. धूळ, काथ्या, आणि कुठेतरी दूरचा अत्तरासारखा गंध.

बाईंनी विजेरी लावली आणि गुडघ्यांवर बसून आत वाकल्या.

खाली अंधारात टॉकीज अजून होतं. 'क', 'ख', 'ग' या रांगा जशाच्या तशा, लाल मखमल, पितळी अक्षरं, सगळं रंगमंचाकडे तोंड करून. ठेकेदाराने लोखंडी पाय उपटायचा कंटाळा करून वरून फळ्या मारल्या होत्या, आणि कुणी खाली बघू नये म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. वर नवं वाचनालय, आणि त्याच्या तळघरात वाट बघत बसलेल्या या खुर्च्या. जणू खेळ सुरू व्हायचा होता आणि कुणीतरी दिवे घालवून छत खाली ओढलं होतं.

आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या हातांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळलेला तो लांबच लांब वासा निजला होता.

कापडाची एक कड सुटली होती. विजेरीच्या उजेडात तिथून एक रंगवलेला डोळा वर बघत होता. पाणीदार, जिवंत.

मागे ताईंच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

"रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळला आहे," बाई सावकाश उठत म्हणाल्या. "आपण सगळे उलटं करतो, चित्र जपायचं म्हणून आत घेतो. पण जुना रंग आत घेतला की चेपून तडकतो, हो ना? हे शिकलेल्या हाताचं काम आहे."

चित्रवाली पुढे आली. आता मात्र ती रडत होती.

"मीच गुंडाळला. धाकट्यांनी सांगितलं, आणि मला नाही म्हणवलं नाही. ओल येईल याचीच भीती वाटत होती."

६

"का रे?" ताईंचा आवाज फाटला. "मला सांगायचं नाहीस? मनातल्या मनात मी तुला चोर समजून बसले!"

"तुला सांगून काय झालं असतं, ताई? तू ठरवलं होतंस. कागद आला होता. तू एकदा ठरवलंस की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नाहीस." धाकटे हसायचा प्रयत्न करत होते, ते जमत नव्हतं. "विकला म्हटलं की कुणी शोधणार नाही, असं वाटलं. माझ्याबद्दल लोकांना ते पटलंही असतं."

"आणि बाहेर कधी काढणार होतास?"

"माहीत नाही. ती खडूची रेघ बघितली आणि एवढंच कळलं की कापू द्यायचा नाही. ताई, ती मांडीवर मूल घेतलेली बाई कोण आहे माहीत आहे तुला?"

ताईंनी मान हलवली.

"आजी. आणि मांडीवर बाबा. बाबा मला कडेवर घेऊन दाखवायचे, बघ, हा मी. दर खेळाला. ती रेघ बाबांच्या गळ्यावरून जात होती."

ताई मटकन रंगमंचाच्या कडेवर बसल्या. "मला कधीच दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तिकडे आईबरोबर तिकिटाच्या खिडकीत असायचे. खेळ सुरू झाला की हिशोब. आत यायला मिळायचंच कुठे? पडदा आहे हे माहीत. त्यात कोण आहे हे मला कुणी सांगितलंच नाही रे."

धाकटे जाऊन बहिणीशेजारी बसले.

बाईंचा आवाज कडक झाला.

"आता माझं ऐका. तुमचं प्रेम मला कळलं. पण या फळ्यांवर आठवडाभरात मुलं बसणार होती. खाली काथ्याच्या खुर्च्या, तेलरंगाने रंगवलेलं कापड, आणि कोंडलेली हवा. एक ठिणगी पुरली असती. चुलीत लाकडं रचून वर पोरं बसवावीत तसलं काम करून ठेवलं होतंत तुम्ही सगळ्यांनी मिळून. ठेकेदार, खुर्च्या आजच्या आज बाहेर. खालची पोकळी झाडून साफ, आणि तिच्यात उतरायला एक झाकण. त्याशिवाय सही नाही."

ठेकेदाराने "हो बाई" म्हणून पहार पुन्हा हातात घेतली.

"आणि पडदा?" चित्रवालीने घाबरत विचारलं.

"मी लिहिलं होतं, जळणारं कापड नको. मग न जळणारं करा. मागच्या बाजूने क्षार फवारून कापड आग न धरणारं करता येतं, तुम्हाला माहीत असेल."

"येतं! रंगाला धक्का न लावता येतं. पण वेळ लागतो. आणि तुमच्या कागदात तर काढूनच टाका असं होतं."

"तो कागद मी नकाशा बघून लिहिला. पडदा बघून आज दुसरा लिहीन. कमानीवर पाण्याचा एक आडवा नळ घाला, धूर झाला की आपोआप सुटणारा. तुमच्यापैकी एकाने जरी माझ्या दारात येऊन विचारलं असतं, तर हे तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही सगळ्यांनी त्या कागदालाच देव मानलंत."

"म्हणजे तो इथेच राहणार?" ताईंनी विचारलं. "अख्खा?"

"तुमचं उद्घाटन महिनाभर लांबेल. चालेल?"

ताईंनी भावाकडे बघितलं. "चालेल," त्या म्हणाल्या.

ते महिन्याचं सव्वा महिन्यावर गेलं. ज्या सकाळी पडदा चढवायचा होता, त्या सकाळी वाचनालयात फक्त हीच माणसं होती. कपाटं पुस्तकांनी भरलेली होती. खिडक्यांतून ऊन येत होतं. ठेकेदाराच्या माणसांनी दोर ओढायला घेतला, आणि वासा हळूहळू वर जाऊ लागला.

आधी जमिनीवरून उठली ती बाल्कनीची रंगवलेली कड. तिच्यावर कोपर टेकून बसलेल्या बायका, कुणी खिदळणाऱ्या, कुणी डोळे बारीक करून बघणाऱ्या. मग खांब. खांबांखाली रांगा. गवंडी, सुतार, पखालवाले. खाली येत येत शेवटी पहिली रांग, जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरं. टॉकीजच्या दिवसांत हा पडदा दिव्यांच्या पिवळ्या उजेडातच बघितला गेला होता. दिवसाच्या उन्हात असा स्वच्छ, अख्खा तो कुणी बघितलाच नव्हता, रंगवणाऱ्यानंतर. उन्हात ती माणसं जणू श्वास घेत होती. खऱ्या हॉलची बाल्कनी आणि चित्रातली बाल्कनी एकमेकींना कुठे मिळतात ते कळेना. जागा दुप्पट झाली होती. शेकडो जण, मेलेले, विसरलेले, ओळीने बसून पुस्तकांच्या कपाटांकडे नवलाने बघत होते.

दोर ओढणाऱ्यांनी दोर बांधला आणि तेही येऊन उभे राहिले. दारवाल्या बाई हॉलच्या मधोमध होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या इमारतीत त्यांना एकाही दाराची आठवण झाली नाही.

"कुठे आहेत रे?" ताईंनी हळूच विचारलं.

धाकट्यांनी हाताला धरून त्यांना पुढे नेलं. दुसरा खांब. त्याच्यापुढे नऊवारीतली एक तरुण बाई. मांडीवरचं मूल हात पसरून बाहेर झेपावत होतं. अंगावर रेघेची खूणसुद्धा उरली नव्हती.

ताई त्या मुलाकडे खूप वेळ बघत राहिल्या. हात पुढे केला, पण लावला नाही.

"नाक अगदी तुझ्यावर गेलं आहे," त्या म्हणाल्या.

"ताई, उलटं बोलतेस. माझं त्यांच्यावर गेलं आहे."

ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला. धाकट्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात फॉयरचं दार करकरलं. उद्घाटन दुपारी होतं, पण हातात पिशवी आणि नाकावर चष्मा असलेले एक आजोबा आत आले. वाचनालय उघडलं असंच त्यांना वाटलं असावं. ते चार पावलं चालले आणि पडदा बघून थांबले. हळूच डोक्यावरची टोपी काढली. मग घसा खाकरून, देवळात बोलावं तितक्या हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "अहो, आजचा पेपर कुठे असतो?"

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि खिडकीखालच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"तिकडे, बाबा. उजेडात. बसा निवांत."